शाळेत धंदा शिकवतात हो! (ओसी, फेयॉल आणि बेदाण्याची शेड)

हळदबाजार

"शाळेत पोरांना धंदा कुणी शिकवतच नाही" हे वाक्य इथे दर पंधरवड्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतं. परवा पुन्हा आलं, म्हणून हा वेगळा धागा. शिकवतात हो. महाराष्ट्रात अकरावी-बारावी कॉमर्सला 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' हा अख्खा विषय आहे, पोरांच्या तोंडी ओसी, आणि तो शिकवण्याचाच मला पगार मिळतो. सांगली जिल्हा, तालुक्याचं गाव, मराठी माध्यमाचं ज्युनियर कॉलेज. वर्गातली निम्मी पोरं द्राक्षबागायतदारांची, उरलेल्यांतली बरीच सुट्टीत बेदाण्याच्या शेडवर रोजाने जाणारी.

तक्रार करायचीच तर अशी करा की शिकवतात, पण कसं? बीकेला (बुक-कीपिंग, म्हणजे हिशेबाचा विषय) क्लास लावतात. ओसीला गाईड आणि परीक्षेची आदली रात्र. स्टाफरूममध्येही हाच समज. कुणाचा पोर्शन मागे राहिला की आधी ओसीचा तास मागतात.

पुस्तक मात्र वाईट नाही. बारावीचं २०२० साली बदललं. आठ प्रकरणं आहेत: व्यवस्थापनाची तत्त्वं, कार्यं, उद्योजकता विकास, व्यावसायिक सेवा, ई-व्यवसाय आणि त्याच्या आसपासचं, सामाजिक जबाबदारी, ग्राहक संरक्षण, विपणन. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला एवढं नीट कळलं तर बीकॉमच्या पहिल्या वर्षाला तो निवांत राहील. गाडी अडते ती पहिल्याच प्रकरणात. हेन्री फेयॉल चौदा तत्त्वं घेऊन येतो आणि पोरं आकडे टाकून ती पाठ करायला लागतात. हा माणूस कोळशाच्या खाणीत इंजिनिअर म्हणून लागला, १८८८ मध्ये डबघाईला आलेली कंपनी त्याच्या हातात आली, ती त्याने सावरली आणि पंचाहत्तराव्या वर्षी, १९१६ साली, आपला अनुभव लिहून काढला, हे त्यांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं कुणीतरी खोलीत बसून चौदा मुद्दे काढलेत.

मी फेयॉल मागे ठेवतो. आधी शेड. जे शेडवर जातात त्यांना फळ्यावर बोलावतो आणि सांगतो, तुला काम कोण सांगतं, त्याला कोण सांगतं, पेटी कमी भरली तर शिव्या कुणाला, बाणांनी काढ. एका पोराने काढलेलं चित्र मी अजून दरवर्षी वापरतो. मालकाचा बाण त्याच्याकडे, मुकादमाचा बाण त्याच्याकडे, आणि मालकाच्या भावाचाही. मालक म्हणाला हिरवा माल आधी निवडा, मुकादम म्हणाला पिवळा, भाऊ म्हणाला दोन्ही राहू द्या, आधी १५ किलोच्या पेट्या गाडीत चढवा. "मग तू काय केलंस?" तर म्हणाला, "सर, जो जवळ उभा होता त्याचं ऐकलं." अख्खा वर्ग हसला. मग फळ्यावर लिहिलं: आदेशातील एकवाक्यता. आता हे कुणी विसरेल का सांगा.

पुढचा गोंधळ ठरलेला. आदेशातील एकवाक्यता आणि निर्देशातील एकवाक्यता. दरवर्षी पेपरात एकाचं उत्तर दुसऱ्यात जातं. त्यासाठी त्याच शेडचा पुढचा प्रसंग घेतो. दोन टोळ्या, प्रत्येकीला एकच मुकादम, म्हणजे वरची अडचण संपली. पण एका टोळीला सांगितलंय माल इथल्या सौद्याला (लिलावाला) लावायचाय, दुसरीला सांगितलंय हाच माल परदेशी पाठवायचाय. दोघी आपापल्या मुकादमाचं ऐकतायत आणि तरी माल वाया जातोय. पहिल्यात माणसाला साहेब एक हवा, दुसऱ्यात एका उद्दिष्टाच्या सगळ्या कामाला योजना एक हवी. एवढं झालं की पुस्तकातली व्याख्या वाचून घ्यायची, पाठ करायला सांगावी लागत नाही.

व्यावसायिक सेवांत गोदामाचा भाग येतो. पुस्तकात प्रकार दिलेत: खाजगी, सार्वजनिक, बंधित, शीतगृह वगैरे. आमच्या पोरांना शीतगृह काय शिकवणार, बेदाणा तिथेच असतो. पण सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद, आत रुंद होत जाणारे खड्डे. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, कारण आत हवाच नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे, कंदील सोडून बघत. कंदील विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात बहुतेक पेवं गेली. आता वर्गात प्रश्न: पेवाला भाडं किती परवडेल? माल चार वर्षं ठेवून थांबण्याची ऐपत कुणाची, शेतकऱ्याची की व्यापाऱ्याची? गोदाम ही सेवा कुणाच्या कामाची, हे इथे उलगडतं. 'गोदामाचे महत्त्व लिहा' म्हणून सुटे सहा मुद्दे पाठ करून नाही उलगडत.

विपणनाला किर्लोस्करवाडी. १९१० साली वसलेली, आमच्याच जिल्ह्यातली. लक्ष्मणरावांनी बेळगावला लोखंडी नांगर केला तेव्हा तो खपेना, कारण लोखंडाने जमिनीत विष जातं अशी शेतकऱ्यांची समजूत. माल चांगला, गरज आहे, किंमत परवडते, तरी गिऱ्हाईक नाही. मग काय कराल? पंधरा मिनिटं नुसता गलका होतो. मला तेवढंच हवं असतं.

आता दुखणं. बारावीची पत्रिका ८० गुणांची. २० वस्तुनिष्ठ, ८ संकल्पना, १२ फरक स्पष्ट करा, सकारण ८, थोडक्यात आणि दीर्घोत्तरी मिळून २६. आणि 'खालील घटनेचा अभ्यास करून मत लिहा' याला फक्त ६. म्हणजे वर्षभर मी जे करतो त्याचा सरळ उपयोग ६ गुणांना. बाकी ७४ ला ठळक मथळे, खाली रेघ, मुद्द्याला दोन ओळी. पेपर तपासायला मीही बसतो, मथळा शोधतच बसतो, खोटं कशाला बोलू. अंतर्गत २० गुणांचा प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, फक्त नाव घालायचं.

तेव्हा इथल्या शिक्षकांना, धंदेवाल्यांना आणि ज्यांनी हा विषय भोगलाय अशा सगळ्यांना विचारतो: तुम्ही हा विषय सोळा वर्षांच्या पोराला कसा शिकवाल? एकच विनंती, 'उद्योजक बना' छापाची भाषणं नकोत. अमुक जण पेट्रोल पंपावर होता आणि तमुक जण गॅरेजमध्ये होता हे पोरांनी रील्समध्ये पुष्कळ बघितलंय.

चकली_भाजणी

पहिली मी! ओसीला ८८ होते मला. आज एकही तत्त्व आठवत नाही, मथळ्याखाली रेघ मात्र अजून मारते. ऑफिसच्या मेलमध्येसुद्धा.

जमाखर्च_काका

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

माझा मुद्दा खर्चाचा. बीके आणि ओसी हे दोन वेगळे विषय आहेत हीच पोरांची पहिली चुकीची समजूत. नात शिकते त्या शाळेत दरवर्षी आनंद बाजार असतो. नववीच्या पोरींनी भेळेचा स्टॉल लावला. संध्याकाळी उड्या मारत आल्या, आजोबा, ५१० रुपये नफा! मी म्हटलं वही आणा. सामान ६४०, विक्री ११५०. बरं. चिंचेची चटणी कुणी केली? आईने. गॅस कुणाचा? घरचा. कांदा कुणी चिरला? मावशींनी, कामाच्या वेळात. टेबल-खुर्च्या? शाळेच्या. जागेचं भाडं? नाही. सहा जणींचा अख्खा दिवस? त्याचं काय, आम्हाला मजा आली. म्हटलं मजा धरू नका, मजुरी धरा. तासाला अगदी किरकोळ दर लावला तरी नफा जाऊन तोटा आला. एक रडायच्या बेतात आली. पण दुसरीने विचारलं, "मग गाडीवरच्या काकांना परवडतं कसं?" हा प्रश्न! घाऊक कुरमुरे, रोजचं गिऱ्हाईक, न उरणारी चटणी, एकाच माणसाचे हात, सगळं त्या एका प्रश्नातून निघालं. संध्याकाळ गेली, नातीची आई जेवायला हाका मारून दमली.

आनंद बाजारात नफ्याचं बक्षीस देतात, हिशेबाच्या वहीचं द्यायला हवं.

अवांतर: लघुउद्योग शिकवताना मर्यादा तपासून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाला गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत झालीय. जुन्या नोट्समध्ये १ कोटी आणि ५ कोटी असेल.

गल्ल्यावरचा

माफ करा, थोडं कडू बोलतो. माझं किराणा-भुसारचं दुकान आहे, वडिलांपासून. दरवर्षी दिवाळीनंतर कॉलेजची पोरं फॉर्म घेऊन येतात. "काका, तुमची वार्षिक उलाढाल किती? नफ्याचं प्रमाण किती? भांडवल कुठून आणलं?" गल्ल्यावर पाच गिऱ्हाइकं उभी, हमाल पोती उतरवतोय, आणि हे पोरगं मला उलाढाल विचारतंय. मी काय सांगणार? तोंडाला येईल तो आकडा सांगतो. सगळेच दुकानदार तेच करतात. मग त्या आकड्यांवर पोरं आलेख काढतात, सर लाल शाईने 'छान' लिहितात. हे व्यवस्थापन?

खरा आकडा आम्ही बायकोलाही सांगत नाही, सर.

हळदबाजार

@गल्ल्यावरचा, शंभर टक्के बरोबर. म्हणून माझ्या प्रकल्पात रुपयाचा एकही प्रश्न नाही, ही अटच आहे. काय विचारायचं त्याची उदाहरणं देतो. तुमच्याकडे माल संपत आलाय हे कुणाच्या लक्षात येतं, आणि कसं? उधारी कुणाला द्यायची हे कोण ठरवतं? तुम्ही लग्नाला गेलात तर गल्ल्यावर कोण बसतं, आणि त्याला काय करायची मुभा नाही? साखरेचं पोतं फाटकं आलं तर फोन कुणाला? या प्रश्नांना दुकानदार खोटं बोलत नाहीत, उलट खुलतात. एका पोरीला मेडिकलवाल्याने दीड तास बसवून घेतलं आणि चहा पाजला. तिच्या वहीत नियोजन, अधिकारप्रदान, नियंत्रण, तिन्ही होतं, तिला फक्त नावं द्यायची होती.

आणि दिवाळीनंतर नाही पाठवत. भर दुपारी दोन ते चार, बाजार झोपलेला असतो तेव्हा.

गल्ल्यावरचा

'मुभा नाही' वाला प्रश्न आवडला. उत्तर देतो: पुतण्या बसतो, त्याला उधारी द्यायची मुभा नाही. तरी देतो, ती गोष्ट वेगळी. पाठवा पोरं. दोन ते चार.

तिसरी_पाळी

फेयॉलवर एवढं लिहिलंत, टेलरला वगळलंत? त्याच प्रकरणात फ्रेडरिक टेलर आहे, आणि तो पुस्तकात अगदी गुळगुळीत करून दिलाय. शास्त्रीय व्यवस्थापन, काल-अभ्यास, गती-अभ्यास, थकवा-अभ्यास, मानसिक क्रांती. वाचून वाटतं मालक-मजूर दोघेही गळ्यात गळे घालून नाचले असतील.

आकडे टेलरचेच घ्या, १९११ च्या पुस्तकातले. बेथलेहेम पोलाद कारखान्यात माणूस दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड उचलत होता, पद्धत बदलून साडेसत्तेचाळीस टन करून घेतलं. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. पोरांना एवढंच सांगा, भागाकार करा. काम जवळपास चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. आता विचारा, फायदा कुणाचा किती? उत्तर पुस्तकात नाही, आणि दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. कुणी म्हणेल खोरं-पद्धत-विश्रांती याचा विचार कंपनीने केला, तर वाढीतला वाटा तिचा. कुणी म्हणेल पाठ कुणाची मोडली.

त्याच साली अमेरिकेत वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारात साहेब घड्याळ घेऊन मागे उभा राहिला म्हणून कामगारांनी संप केला. पुढे काही वर्षांनी तिथल्या संसदेने सरकारी शस्त्रागारांत असं घड्याळ लावायला मनाईच केली. आणि हे सगळं 'तिकडचं' म्हणून सोडू नका. १९२८ चा मुंबईतला गिरण्यांचा संप कशावरून पेटला? कार्यक्षमतेवरून. सूतकताईच्या साच्यावर (यंत्रावर) एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, विणकराने दोनऐवजी तीन माग चालवा. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद, गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली, शेवटी चौकशीला फॉसेट समिती बसली. माझे आजोबा विणाई खात्यात होते. घरात 'तीन माग' हे शब्द मी ओसी शिकण्याच्या कितीतरी आधी ऐकलेत. ओसीत टेलर आला तेव्हा सरांना विचारलं, तर सर म्हणाले, परीक्षेत येणार नाही.

व्यवस्थापन फक्त मालकाच्या खुर्चीतून शिकवायचं का, हा माझा मूळ प्रश्न. तुमच्या वर्गात शेडवर रोजाने जाणारी पोरं आहेत म्हणता. त्यांच्याकडे घड्याळ द्या.

फुकट_सल्लागार

+१. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

हळदबाजार

@तिसरी_पाळी, दंडवत. भागाकाराची कल्पना उद्याच वापरतो. पण 'फक्त मालकाच्या खुर्चीतून' हे पुस्तकाबद्दल पूर्ण खरं नाही. फेयॉलच्याच यादीत मोबदला आणि समानता आहे, सामाजिक जबाबदारीच्या प्रकरणात कर्मचाऱ्यांप्रती वेगळा भाग आहे. ते शिकवताना आपण 'योग्य वेतन, सुरक्षित वातावरण' म्हणून उडवून टाकतो, तो दोष आमचा. घड्याळाचं म्हणाल तर पोरांना चहाच्या टपरीवर उभं केलंय. एका कपाला किती हालचाली लागतात ते मोजा. टपरीवाल्याने पोरांना हाकलून दिलं, म्हणजे वॉटरटाऊन आमच्याकडेही झालं म्हणायचं.

यमुनापार

दिल्लीत राहतो म्हणून सांगतो. इथे सरकारी शाळांत २०१९ मध्ये नववी ते बारावीला उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला, आणि २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' सुरू झालं. अकरावी-बारावीच्या मुलांना गटागटाने काहीतरी धंदा करायला माणशी २००० रुपये सरकारने बीजभांडवल म्हणून दिले. पाठांतर नव्हतं, पेपर नव्हता. महाराष्ट्राने हे का करू नये?

जमाखर्च_काका

पैसे बुडाले तर?

यमुनापार

बुडाले तर बुडाले. धंद्यात बुडतातच की.

चकली_भाजणी

@यमुनापार, कल्पना छान, पण टीव्हीवर जे कार्यक्रम झाले त्यात स्टेजवर उभं राहून फाडफाड बोलणारी मुलंच दिसली. मागे बसून हिशेब लिहिणारी कुठे जातात? सगळ्यांना 'पिच' करायला लावायचं हे मला जरा खटकतं. लिज्जतचं घ्या ना. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. स्टेज कुठे होतं? आणि आमच्या ओसीच्या सरांनी लिज्जतला सहकारी संस्थेचं उदाहरण म्हणून शिकवलं होतं. पुढे कळलं की नोंदणी १९६६ मध्ये सोसायट्या नोंदणी कायद्याखाली आहे, सहकार कायद्याखाली नाही. वागणं सहकाराचं, कागद वेगळा. व्यावसायिक संघटनेचे प्रकार शिकवताना याच्याइतकं अवघड आणि मजेदार उदाहरण नाही. मुलांना सांगा, एकल व्यापारी, भागीदारी, कंपनी, सहकारी, यातल्या कुठल्या रकान्यात टाकाल? टाकता येत नाही, मग भांडतात.

टेम्सकाठचा_नाना

इंग्लंडातून. मुलगी जीसीएसईला (इथली दहावीसारखी परीक्षा) बिझनेस घेऊन बसलीय, वय १५, एडेक्सेलचं बोर्ड. तुलनेसाठी लिहितो, कौतुक म्हणून नाही, इथेही पोरं पाठ करतातच.

अभ्यासक्रमाचे दोन भाग. पहिला पूर्ण लहान धंद्यावर: कल्पना कुठून येते, गिऱ्हाईक कोण, रोकड हातात कधी येते. मोठ्या कंपन्या दुसऱ्या भागात. हा क्रम मला फार पटला. आपल्याकडे फेयॉल आधी, धंदा नंतर. पेपरात एखाद्या दुकानाची माहिती देतात, दोन पर्याय देतात, आणि ९ गुणांना विचारतात: मालकाने कुठला निवडावा, कारणं द्या. बरोबर उत्तर ठरलेलं नसतं. नुसती व्याख्या लिहिली तर एक-दोन गुण. त्या दुकानाची परिस्थिती वापरली नाही तर पुढे सरकताच येत नाही. मुलीच्या पहिल्या चाचणीत पाठ केलेलं सगळं लिहून निम्मे गुण आले, कारण दुकान बेकरीचं होतं आणि तिने बेकरीचं नावही घेतलं नव्हतं.

हळदबाजार, तुमच्या ६ गुणांच्या प्रश्नाचे २० झाले तर बाकीचं आपोआप बदलेल. शिक्षक जे तपासलं जातं तेच शिकवतो, कुठल्याही देशात.

कायदेपंडिता

ग्राहक संरक्षणाच्या प्रकरणाबद्दल, कारण तिथे चुकीचं पाठ होतं आणि मग खऱ्या आयुष्यात अडतं. २०१९ च्या कायद्यात जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येणाऱ्या तक्रारीची मर्यादा १ कोटी होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख झाली, राज्य आयोग ५० लाख ते २ कोटी, त्यावर राष्ट्रीय. आणि ही रक्कम म्हणजे तुम्ही वस्तूला मोजलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. हे तर वकीलही विसरतात. परीक्षेत बोर्डाचं पुस्तक जे म्हणेल ते लिहावं, पण वर्गात दोन्ही सांगा.

मी एका शाळेत बोलायला गेले होते तेव्हा व्याख्यान न देता तक्रार लिहायला लावली. मोबाईल घेतला, आठवड्यात बंद पडला, दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा. बहुतेकांनी पहिला परिच्छेद रागाचा लिहिला. तारीख नाही, बिल क्रमांक नाही, मागणी काय ते नाही. दुसऱ्यांदा लिहून घेतली. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढं कळल्यावर एका मुलाने खरंच घरी जाऊन बिल शोधलं.

नवी_मॅडम

सगळं वाचलं. मी यंदाच रुजू झाले, ओसी आणि एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) माझ्याकडे. हळदबाजार सर, तुमच्या शेडच्या गोष्टी छान आहेत पण माझ्या वर्गात नव्वद मुली. बाहेर न्यायची परवानगी नाही. दुपारी दोन ते चार बाजारात पाठवलं तर पालक दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये. पोर्शन डिसेंबरअखेर संपवायचा. मग काय करू?

हळदबाजार

मॅडम, बाजार आत आणा. एखाद्या मुलीच्या घरून सौदापट्टी मागवा, नाव झाकून झेरॉक्स काढा. किती पेट्या, किती वजन, काय भाव, हमाली, तोलाई, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात काय पडलं. हा अर्ध्या पानाचा कागद आहे, पण त्यावर व्यापार, मध्यस्थ, वाहतूक, गोदाम, बँक सगळं दिसतं. नव्वद मुलींना एक कागद पुरतो. प्रत्येक कपातीपुढे ही रक्कम कुठल्या सेवेची, एवढंच लिहायचं. एक तास जातो आणि चौथं प्रकरण निम्मं होतं. पोर्शनचं म्हणाल तर मथळे शेवटी सांगितल्याने माझा वेळ वाचतोच, कारण उजळणीला तास कमी लागतात.

आणि घटनेचे प्रश्न स्वतः तयार करा. गाईडातल्या घटना 'अ ने ब ला वस्तू विकली' छाप असतात. मी पहिल्या सहामाहीला हा घालणार आहे, बघा:

'एका शेतकऱ्याने काढणीनंतर हळदीला भाव कमी असल्याने माल वखार महामंडळाच्या गोदामात ठेवला. गोदामाच्या पावतीवर बँकेकडून कर्ज घेऊन त्याने मजुरांचे पैसे भागवले. चार महिन्यांनी भाव वाढल्यावर माल विकला. (१) यात कोणत्या दोन व्यावसायिक सेवा आल्या आहेत? (२) हे गोदाम कोणत्या प्रकारचे आहे? (३) पावती तारण ठेवल्याने शेतकऱ्याला काय फायदा झाला?'

नवी_मॅडम

हे जसंच्या तसं वापरलं तर चालेल का सर?

हळदबाजार

चालेल की. गावाचं नाव तेवढं तुमचं घाला.

गल्ल्यावरचा

थांबा. यात शेतकरी फायद्यातच राहिला असं गृहीत धरलंय. चार महिन्यांचं गोदाम भाडं? बँकेचं व्याज? आणि घट? हळद वाळते हो, ठेवली तेवढ्या वजनाची निघत नाही. भाव क्विंटलमागे वाढला पण क्विंटलच कमी झाले. मी स्वतः ठेवून बघितलीय. शेतकऱ्याने थांबायला हवं होतं का, हे विचारा.

टेम्सकाठचा_नाना

हाच तो ९ गुणांचा प्रश्न!

हळदबाजार

९ नाहीत हो, एका घटनेला ३ गुण, उपप्रश्न एकेका गुणाचे, चौथा बसत नाही. मग दुसरा काढतो. गोदामाचा प्रकार तसाही वस्तुनिष्ठमध्ये येतोच. त्या जागी: 'माल विकण्याआधी शेतकऱ्याने कोणते तीन खर्च वजा करून पाहायला हवे होते?' भाडं, व्याज, घट. गल्ल्यावरचा, विम्याचा हप्ता धरायचा का यात?

गल्ल्यावरचा

विमा गोदामाकडून उतरवलेला असला तर भाड्यातच येतो. वेगळा धरू नका, पोरं दोनदा वजा करतील.